पंच, खेळू द्या की!

शिमग्याला गावी गेलो की माझी जागा ठरलेली असते. मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकचं टेबल, त्यावर कागद, दोन पेनं आणि पाण्याची बाटली. अक्षर बरं आहे म्हणून गुणलेखक. यंदा पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावात सामने होते. भात काढून महिने झालेलं शेत रोलर फिरवून, पाणी मारून सपाट केलेलं. चार कोपऱ्यांत बांबूवर हॅलोजन. बॅनरवर ग्रामस्थ मंडळ आणि मुंबईकर मंडळ, दोघांचीही नावं सारख्याच आकारात (या आकारावरून एके वर्षी भांडण झालेलं आहे).

सरपंच तरुण होता. गावचा नाही, सामन्याचा. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, हे ज्यांनी खेळ फक्त टीव्हीवर पाहिलाय त्यांच्यासाठी. पंच परीक्षा नुकतीच पास झालेला असावा, कारण पहिल्या दहा मिनिटांत त्याने पाच वेळा खेळ थांबवला. एकदा जर्सी धरली म्हणून, एकदा पायाची कैची घातली म्हणून, एकदा रेषेबाहेर ढकललं म्हणून. पाचव्या शिट्टीला बांधावर बसलेल्या एका काकांचा आवाज आला, “ओ पंच, खेळू द्या की पोरांना!” आणि मग सगळं शेतच तेवढं एक वाक्य बोलायला लागलं.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. मीसुद्धा ओरडलोय. पण त्या रात्री कागदावर खुणा करता करता मनात आलं, की या वाक्यात ‘खेळ’ म्हणजे नेमकं काय धरलेलं असतं? पंचाने काय चालू द्यावं असं आपल्याला वाटत असतं?

उत्तर शोधायचं तर आमच्याकडची कबड्डी आधी सांगायला हवी. महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमधले निम्मे खेळाडू मुंबईला, पनवेलला कामाला. उरलेले महाडच्या एमआयडीसीत पाळीने. संघ एकत्र येतो तो सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, कधी कधी सामन्याच्या वेळी एसटीतून उतरून थेट मैदानात. आता चढाई ही रोज करायची गोष्ट आहे. पायांची हालचाल, बोनस रेषेवर पाय टाकून परत ओढणं, हात लावून वळणं, यासाठी अंगाला सवय लागते आणि सवयीला रोजचा वेळ लागतो. पकडीचं तसं नाही, असं आम्हाला वाटायचं. डोंगरात वाढलेल्या, गोणी उचललेल्या पोराकडे जोर असतोच. त्याला सांगायचं, घोटा दिसला की सोडू नकोस, बाकीचे आहेतच. ‘बाकीचे आहेतच’ ही आमची सगळी व्यूहरचना. कोपऱ्याने घोटा धरायचा, कव्हरने अंगावर जायचं आणि तिसऱ्याने वर पडायचं. आमचे संघ अंगाने खेळतात असं तालुक्याबाहेरचे लोक म्हणायचे आणि आम्हाला ते कौतुक वाटायचं.

मी डावा कोपरा खेळायचो. गावाकडून आणि कॉलेजकडूनही. हे प्रो कबड्डीच्या आधीचं, म्हणजे २०१४ च्या आधीचं. घरात कुणी आमचे सामने मोबाइलवर शूट करत नव्हतं, आणि केलं असतं तरी ते कुणी परत पाहिलं नसतं.

आमच्या तिसऱ्या गड्याचं एक काम होतं, जे कुणी मोठ्याने बोलायचं नाही. चढाईपटू धरला गेला की त्याच्या तोंडावर हाताचा पुढचा भाग दाबायचा. कबड्डीत चढाई दमावर चालते. ‘कबड्डी कबड्डी’ हा उच्चार तुटला की दम गेला, गडी बाद. मग मध्यरेषेपर्यंत त्याला रोखून धरायची गरजच नाही. तोंड दाबलं, आवाज बंद झाला, पंचाला ऐकू आला नाही, संपलं. समोरचा कितीही ताकदीचा असो, श्वास घ्यायला आणि सोडायला तोंड लागतंच.

नियमपुस्तिका मी पुष्कळ नंतर वाचली आणि वाचताना लाज वाटली, कारण तिच्यात आमचा सगळा ‘खेळ’ एकेक करून लिहिलेला होता. समोरच्याचा दम कोंडण्यासाठी तोंड दाबू नये. इजा होईल अशी हिंसक पकड करू नये. पायांची कैची घालू नये. केस किंवा कपडे धरू नयेत. हातपाय आणि धड सोडून दुसरीकडे धरू नये. मुद्दाम रेषेबाहेर ढकलू नये. नखं कापलेली असावीत, अंगाला तेल लावू नये. कबड्डीचे नियम वाचणं म्हणजे माणसं एकमेकांना काय काय करून पाहतात त्याची यादी वाचणं. तेल लावू नये असं लिहिलंय म्हणजे कुणीतरी लावून आलं होतं. शंभर वर्षांपूर्वी हुतुतूच्या खेळाला महाराष्ट्रात लेखी चौकट दिली जात होती, तेव्हा ज्यांनी ही कलमं मांडली त्यांनी आमच्यासारखे संघ पाहिलेलेच असणार. म्हणून ‘हे सगळे टीव्हीमुळे आलेले नियम’ ही बांधावरची तक्रार मला पटत नाही. दरवर्षी १५ जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिवशी, आपण राज्यभर कबड्डी दिन साजरा करतो. बुवांच्या पिढीने हा खेळ गावागावांतून गोळा करून संघटनेत आणला, तो याच कलमांसकट. टीव्हीने नियम आणले नाहीत, त्याने फक्त ते पाळायला लावले.

आता एक प्रसंग, जो मी बरीच वर्षं गमतीने सांगायचो.

महाडजवळच्या एका गावातला सामना. समोरचा चढाईपटू बारीक, चपळ, आमचे चार गडी त्याने एकट्याने काढलेले. शेवटच्या काही मिनिटांत तो माझ्या कोपऱ्यात आला, मी घोटा धरला, चांगला धरला. कव्हरने त्याला थांबवलं. तो थांबला होता. तरी तिसरा वर पडला, आणि घोटा सोडून मीही उठून वर पडलो. गरज नव्हती. एक आवाज आला, ओली काठी मोडल्यासारखा. त्याचं कॉलर बोन मोडलं होतं. पंचांनी त्याला बाद दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या सामन्यात उत्कृष्ट पकडीचं बक्षीस मिळालं, एक स्टीलचा डबा. आई अजून त्यात पोहे ठेवते.

तो मुलगा कंत्राटावर कामाला होता. दीड महिना घरी बसला. कंत्राटी कामगाराला घरी बसल्याचा पगार नसतो आणि गावच्या सामन्यात विमा नसतो, मंडळाने वर्गणी काढून थोडे पैसे दिले तेवढेच. हे मला पुढच्या वर्षी कळलं, त्याच्याच भावाकडून, एसटी स्टँडवर. भावाने चिडून सांगितलं नाही. ‘तुझ्या अंगावर पडण्याने’ असंही म्हणाला नाही. ‘तेव्हा हाड मोडलं ना’ म्हणाला, पाऊस पडला ना, अशा आवाजात. पंचाने त्या दिवशी शिट्टी वाजवली असती तर हाड वाचलं नसतं, ते मोडून झालं होतं. पण त्या आधीच्या दहा सामन्यांत कुणीतरी वाजवली असती तर मी कदाचित घोटा धरून खाली राहिलो असतो.

त्याच हंगामात कॉलेजकडून आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना गेलो. समोर अलिबागकडचा संघ. तिकडे कबड्डी आमच्यापेक्षा दाट, गावागणिक मैदान, रोजचा सराव. पंचही कडक. पहिल्या पाच मिनिटांत आमच्या तिसऱ्या गड्याला तोंडावर हात टाकल्याबद्दल बाद दिलं. मग मला कपडे धरल्याची ताकीद. मग कैची. आणि यापुढे जे झालं ते मला त्या वेळी कळलं नव्हतं, आता कागदावर खुणा करताना कळतं. आम्ही फाऊल करायचं बंद केलं नाही, आम्ही पकडायचंच बंद केलं. प्रत्येक हात अर्धा सेकंद उशिरा जायला लागला. घोट्याची पकड ही अर्ध्या सेकंदाचीच गोष्ट असते. पाय जमिनीला टेकतो आणि परत उचलला जातो त्यामधली फट. तेवढ्यात मनात ‘हे चालेल का?’ आलं की पाय गेलेला असतो. कव्हर कोपऱ्याकडे बघायचा, कोपरा पंचाकडे. दोन लोण बसले. परतीच्या एसटीत सगळ्यांचं एकमत होतं की पंच त्यांचा होता.

कडक पंचगिरीमुळे अंगाने खेळणारे संघ दुबळे होतात, असं जे म्हटलं जातं ते या अर्थाने खरं आहे. पण जोर काढून घेतला म्हणून नव्हे. जोर तेवढाच होता. आमचा जोर कशावर उभा होता ते उघडं पडलं. आमच्या पकडीतला मोठा भाग पंचाने न वाजवलेली शिट्टी होता, आणि ती आम्ही आपलीच ताकद समजत होतो.

उलट उदाहरण पाहा. प्रो कबड्डीत कॅमेरे आहेत, रिव्ह्यू आहे, हिरवं-पिवळं-लाल कार्ड आहे, पिवळं मिळालं की दोन मिनिटं बाहेर. याहून कडक कबड्डी आपण पाहिलेली नाही. आणि तिथे १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवलं ते हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून. धावसंख्या बघा, हा चढाईपटूंच्या आतषबाजीचा सामना नव्हे. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण होते पुण्याच्या मोहम्मदरेझा शादलूचे. पुढच्या हंगामात हा इराणी गडी हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा जिंकली. शादलू नाजूक खेळतो असं कुणी म्हणणार नाही. मांडी ठोकतो, अंगावर जातो, समोरच्याला डिवचतो. पण त्याच्या पकडीचे व्हिडिओ हळू करून पाहा, तुमच्या मोबाइलवर ते सहज होतं. हात कुठे जातो ते बघा. मांडीला, कमरेला, घोट्याला. जोर सगळा धडावर आणि पायांवर. गडी थांबला की तोही थांबतो.

आणखी एक. आता चढाई ३० सेकंदांची असते. घड्याळ आलं आणि दमाचं महत्त्व गुपचूप कमी झालं. टीव्हीच्या गोंगाटात तुम्ही शेवटचं ‘दम गेला’ कधी ऐकलं? तोंड दाबण्याचा फायदाच त्यामुळे आटला. दुसरीकडे, तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या पकडीला जादा गुण, आणि सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे चढाईपटूला तुमच्यापर्यंत यावंच लागतं. अंगाने खेळणाऱ्या संघाला नियमांनी एका हाताने काढून दुसऱ्या हाताने बरंच दिलंय. फक्त ते घ्यायला पकड यावी लागते.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर मी त्या तरुण सरपंचाचा वकील झालो असतो. पण मामला इतका सरळ नाही.

शिस्त येते ती टिकत नाही, हा पहिला घोळ. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये हे फार स्वच्छ दिसलं. २०१२-१३ च्या हंगामात पुरुषांच्या सामन्यांत एका संघाची सरासरी ६७.५ गुणांच्या आसपास घसरली, साठेक वर्षांतली सर्वांत कमी. कारण काय, तर बचाव करणारे हात आणि कोपर लावून, ढकलून प्रतिस्पर्ध्याला अडवून धरत होते आणि पंच चालू देत होते. २०१३-१४ पासून ठरलं की हात लावला की फाऊल. हंगामाच्या सुरुवातीला शिट्ट्यांचा पाऊस पडला, प्रशिक्षक वैतागले. सरासरी ७१ च्या घरात गेली. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी पुन्हा साडेसदुसष्टच्या जवळ. नियम तोच होता. पंचांचा हात सैल पडला होता. जे संघ शहाणे होते त्यांनी खेळ बदलला नाही, फक्त वाट पाहिली.

आमच्याकडे हाच हंगाम चाळीस मिनिटांत उरकतो. पहिल्या डावात पंच कडक. दुसऱ्या डावात अंधार, थंडी, बांधावर चढलेला आवाज, दोन गुणांचा फरक, आणि त्याच फाऊलला शिट्टी नाही. ज्या पोराने पहिल्या डावात ऐकून हात आवरला तो मूर्ख ठरतो आणि ज्याने ऐकलं नाही तो हीरो. मी कडक पंचाविरुद्ध नाही. पहिल्या दहा मिनिटांपुरत्या कडक पंचाविरुद्ध आहे. त्यापेक्षा सुरुवातीपासून सैल असलेला बरा, निदान सगळ्यांना सारखा.

दुसरी गोष्ट म्हणजे नियम स्पष्ट हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना आठवा. भारत-इराण, २८-२८, पवन सेहरावतची निर्णायक चढाई. तो कुणाला न शिवता लॉबीत गेला, मागोमाग इराणचे गडीही गेले. एका नियमाने पाहिलं तर फक्त पवन बाद, दुसऱ्याने पाहिलं तर तेही बाद. जवळपास तासभर सामना थांबला. शेवटी भारताला तीन, इराणला एक, आणि भारत ३३-२९ ने जिंकला. आशिया खंडाच्या फायनलमध्ये कोणता नियम लागू आहे यावर एकमत होत नसेल, तर पोलादपूरच्या पोराने ‘डॅश’ आणि ‘ढकलणं’ यातला फरक कुठून शिकायचा? टीव्हीवर बचावपटू खांदा मारून गडी बाहेर काढतो, समालोचक किंचाळतो, रील होतं. तेच पोरगं शनिवारी करतं आणि शिट्टी वाजते. त्याला वाटतं पंचाला खेळ कळत नाही. फरक आहे, हाताने ढकलणं आणि अंगाने अडवणं यांत फरक आहे, पण तो रीलमध्ये दिसत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावा लागतो.

आणि तेच कुणी नसतं, ही तिसरी आणि मला सर्वांत जड वाटणारी गोष्ट. अलिबागच्या त्या संघाने शिट्टी सरावात ऐकलेली होती. आम्ही ती सामन्यात पहिल्यांदा ऐकली. त्यांना फाऊलची किंमत सरावात एक शिवी होती, आम्हाला लोण. सक्ती सगळ्यांना सारखीच लागू होते असं म्हणताना हे विसरलं जातं. ज्या कॉलेजात मॅट आहे, प्रशिक्षक आहे, सरावाला पंच आहे, त्यांना कडक नियम म्हणजे खेळाची सुधारणा. जिथे रविवारी बारा जणही जमत नाहीत तिथे तो बाहेरून आलेला दंड. म्हणून बांधावरून येणाऱ्या ‘खेळू द्या’मध्ये मला आता दोन आवाज ऐकू येतात. एक, मोडायचं ते मोडू द्या, हा. तो मला मान्य नाही, त्या स्टीलच्या डब्यामुळे नाही. दुसरा, आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही, हा. तो खरा आहे.

तर त्या रात्रीचा सामना. सरपंच दुसऱ्या डावात सैल पडेल म्हणून मी वाट पाहत होतो. पडला नाही. बांधावरून नाही नाही ते ऐकलं त्याने. शेवटच्या मिनिटाला माझ्या मामाच्या गावची पोरं २४-२३ ने पुढे होती. समोरचा चढाईपटू डाव्या कोपऱ्यात आला, कोपऱ्याच्या पोराने घोटा धरला, इतका छान की मी टेबलावरून उठलो. गडी आडवा झाला, मध्यरेषा दोन हात लांब. आणि पोराचा दुसरा हात, सवयीने, वर गेला. तोंडावर.

शिट्टी. चढाईपटू नाबाद, पकडणारा बाद. २४-२४. मग आमची चढाई रिकामी, त्यांचा बोनस, २४-२५. संपलं. बांध खाली उतरून मैदानात आला, मंडळाच्या लोकांनी सरपंचाभोवती कडं केलं, दहा मिनिटं नुसता गोंधळ. सरपंचाला चहा दिला तो त्याने उभ्यानेच घेतला.

सगळं निवल्यावर तो डावा कोपरा टेबलापाशी आला. एकोणीस-वीसचा. गुडघे मातीने लाल. गुणपत्रक बघायचंय म्हणाला. बघितलं.

“दादा, घोटा तर धरला होता ना मी?”

“एक नंबर धरला होतास.”

“मग?”

“दुसरा हात कुठे होता?”

त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. आठवत होता. चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला आत्ता, मैदानाबाहेर, तो हात कुठे होता हे आठवतंय.

“तो आपोआप जातो,” तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. माझाही जायचा.

थोडा वेळ तो तिथेच घुटमळला. मग सरपंचाकडे मान वळवून हळूच विचारलं, “हे दादा कुठले? महाडचे का?” मी हो म्हणालो. “रविवारी सरावाला येतील का? पैसे किती घेतील?” मला माहीत नव्हतं. म्हटलं, तूच विचार. तो म्हणाला, आत्ता नको, आत्ता सगळे बघतायत.

मग मी उठून सरपंचाकडून नंबर घेतला, गुणपत्रकाच्या कार्बन प्रतीच्या मागे लिहिला आणि कागद घडी करून त्याला दिला. त्याने तो मोज्यात खोचला. शॉर्टला खिसा नव्हता.